केस फाइली कुठे ठेवायच्या? प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

३ जून

कऱ्हाडला केंद्रात जाऊन आलो. कौटुंबिक सल्ला केंद्र आहे: दोन खोल्या, चार कार्यकर्त्या, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या वकील ताई आणि हिशेब बघणारे काका. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी इथली संगणकाची कामं बघायला येतो. या कामासाठी मात्र बऱ्याच फेऱ्या होणार, म्हणून तारीखवार लिहून ठेवतो आहे. पुढे दुसऱ्या कुणाच्या हाती हे काम गेलं, तर कुठला निर्णय का घेतला हे त्याला कळेल.

विषय निघाला तो असा. मे महिन्यात एका कार्यकर्तीने घरभेटीत जबाबाच्या कागदाचा फोटो काढला. फोन तिचा स्वतःचा होता. फोटो आपोआप क्लाउडवर चढला आणि तेच खातं घरच्या टॅबवर चालू असल्यामुळे रात्री मुलगा कार्टून बघत असताना तो कागद स्क्रीनवर आला. घरातल्यांनी वाचला. बाईचं नाव, गाव, नवऱ्याने काय केलं, सगळं त्यात होतं. कार्यकर्तीच्या घरापासून त्या बाईचं सासर सात किलोमीटरवर. पुढे काही वाईट घडलं नाही, पण कार्यकर्तीला दोन रात्री झोप नव्हती. केंद्राच्या मोठ्या ताई मला फोनवर म्हणाल्या, "अरे, बाई इथे येऊन जे सांगते ते तिने आईलासुद्धा सांगितलेलं नसतं. ते पोराच्या टॅबवर कसं गेलं, हे मला नीट समजावून सांग. आणि पुन्हा जाणार नाही असं काहीतरी कर."

आज फक्त काय कुठे आहे ते मोजलं. डेस्कटॉपवर ११ जीबी स्कॅन. जुन्या लॅपटॉपवर त्यातलेच बरेचसे, पण वेगळ्या नावांनी. तीन पेनड्राइव्ह, त्यातला एक सापडत नाही. व्हॉट्सअॅपच्या गटात आलेले फोटो. आणि एक क्लाउड खातं, ज्याचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलेला. तो आधी खोडला आणि खात्याचा पासवर्ड बदलून आलो.

५ जून

सेवा निवडण्याआधी, कुणापासून लपवायचं आहे, हे मोठ्या ताई आणि वकील ताईंसोबत बसून लिहून काढलं. हे केलं नसतं तर मी सवयीने सगळ्यात कडक एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय फाइल वाचता येऊ नये असं गणिती कुलूप) शोधत बसलो असतो.

पहिला धोका घरातला: कार्यकर्तीचा फोन, नवरा, दीर, मुलं. दुसरा गावातला, म्हणजे सासरकडचे वजनदार लोक, जे ऑफिसात ओळख काढून कागद बघायचा प्रयत्न करतात. हे दोनदा घडलेलं आहे. तिसरा चोरीचा. चौथा आतला: सोडून गेलेली कार्यकर्ती, किंवा मी. हो, मीसुद्धा. सगळ्या किल्ल्या माझ्याकडे असणं ही काही सोय नव्हे. पाचवा, क्लाउड कंपनीतलं कुणीतरी किंवा कंपनीवर झालेला हल्ला.

न्यायालय या यादीत नाही. वकील ताईंनी हे ठासून सांगितलं: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या केसमध्ये आपली नोंद न्यायालयाने मागितली तर ती द्यायचीच, आणि ती सापडलीही पाहिजे. उलट लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख छापणं किंवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. आधी हेच भारतीय दंड संहितेत २२८ अ होतं. शिवाय २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याच्या नियमांचा मसुदा या जानेवारीत आला.

म्हणजे आपल्याला दोन्ही हवं: बाहेरच्याला वाचता येऊ नये, आणि दहा वर्षांनी आपल्याला नक्की वाचता यावं. दुसऱ्या अटीचा विचार लोक कमी करतात. किल्ली हरवलेलं उत्तम एन्क्रिप्शन आणि जळालेली फाइल, दोन्हींचा परिणाम एकच.

८ जून

कार्यकर्त्यांना आज अर्धा तास समजावलं. त्यांचा प्रश्न रास्त होता: "आत्ता जे खातं आहे त्याच्यावरही 'एन्क्रिप्टेड' लिहिलंय की. मग बदलायचं कशाला?"

सोसायटीतल्या फ्लॅटचं उदाहरण दिलं. फ्लॅटला कुलूप आहे, पण किल्ली वॉचमनकडे ठेवली आहे. चोरापासून फ्लॅट सुरक्षित आहे. वॉचमनपासून नाही, आणि वॉचमनला दमात घेऊ शकणाऱ्यापासूनही नाही. बहुतेक नेहमीच्या क्लाउड सेवा अशा आहेत. फाइल जाताना एन्क्रिप्ट होते, त्यांच्या डिस्कवरही एन्क्रिप्ट असते, पण किल्ली कंपनीकडेच. म्हणूनच पासवर्ड विसरला तरी नवा मिळतो आणि फाइली जशाच्या तशा उघडतात. आपल्याला हवंय ते एंड-टू-एंड: फाइल आपल्या मशीनवरच बंद व्हावी आणि किल्ली कंपनीला कधीच मिळू नये.

किल्ली कुणाकडे, हा वरवरचा प्रश्न नाही याचं ताजं उदाहरण अॅपलचं. आयक्लाउडमध्ये 'अॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन' ही एंड-टू-एंड सोय त्यांनी डिसेंबर २०२२ मध्ये आणली. फेब्रुवारी २०२५ मध्ये, ब्रिटिश सरकारने बंद डेटापर्यंत पोहोचायची मागची वाट मागितल्याच्या बातम्यांनंतर, ब्रिटनमधल्या नव्या वापरकर्त्यांसाठी ती बंद केली. किल्ली खरोखरच कंपनीकडे नसते तेव्हा सरकारांनाही वेगळा मार्ग शोधावा लागतो.

जाहिरातींतल्या 'झिरो नॉलेज' या शब्दाबद्दल एक टीप. गणितात त्याचा अर्थ वेगळा आणि नेमका आहे. १९८५ सालच्या गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांच्या कामातून तो आला. साठवणीच्या सेवा तो 'आम्हाला तुमची किल्ली माहीत नाही' एवढ्याच अर्थाने वापरतात. शब्द बघून सेवा निवडायची नाही, असं मी यादीच्या डोक्यावर लिहिलं आहे.

१२ जून

पहिली चाळणी. एंड-टू-एंड म्हणवणाऱ्या साठवण सेवा: प्रोटॉन ड्राइव्ह, ट्रेसोरिट, सिंक डॉट कॉम, पीक्लाउड, मेगा, फायलन. स्वतःच्या सर्व्हरचा पर्याय म्हणून नेक्स्टक्लाउड. सर्व्हरशिवाय सिंकथिंग. आणि आहे त्याच क्लाउडवर वरून कुलूप लावणारं क्रिप्टोमेटर.

नेक्स्टक्लाउड लगेच काढलं. सॉफ्टवेअर चांगलं आहे, माझ्या घरी चालतं. पण केंद्रात जून ते सप्टेंबर वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि सर्व्हर अपडेट करणारा माणूस मी एकटा, तोही १६० किलोमीटर लांब. जिथे रोज देखभाल करणारं कुणी नाही तिथे सर्व्हर ठेवू नये.

सेवा बंद पडण्याचाही विचार केला. वुआला ही स्वित्झर्लंडची सेवा याच कामाची होती, २०१५ मध्ये बंद झाली. बॉक्सक्रिप्टर हे जर्मन कुलूप फार लोकप्रिय होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ड्रॉपबॉक्सने त्याचं तंत्र विकत घेतलं आणि नवी खाती थांबली. स्किफ फेब्रुवारी २०२४ मध्ये नोशनने घेतलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंद झालं, म्हणजे सामान हलवायला सहा महिने. आपल्या फाइली १९९८ पासूनच्या आहेत. कुठलीही सेवा आपल्याआधी संपेल असं धरूनच चालायचं. म्हणून नवा निकष: कंपनी नसली तरी फाइली उघडता आल्या पाहिजेत.

पैशांचं थोडक्यात: केंद्राच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू नाहीत, आणि दर वर्षी डॉलर किंवा युरोत पैसे भरण्याची आठवण ठेवणं काकांना जड जाईल. एका वर्षी हप्ता चुकला आणि खातं गोठलं, तर? ट्रेसोरिट सगळ्यात मजबूत वाटत असूनही इथेच मागे पडलं.

१५ जून

दोन रात्री संशोधन निबंध वाचण्यात गेल्या. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या लोकांनी या क्षेत्रात मोठं काम करून ठेवलं आहे. २०२२ मध्ये त्यांनी मेगावर दाखवलं की सर्व्हरच हल्लेखोराच्या ताब्यात असेल तर वापरकर्त्याने ५१२ वेळा लॉग-इन केल्यावर त्याची खासगी किल्ली काढता येते. मेगाने दुरुस्ती केली. २०२४ मध्ये हॉफमन आणि ट्रूओंग यांनी सिंक, पीक्लाउड, आइसड्राइव्ह, सीफाइल आणि ट्रेसोरिट या पाच सेवा तपासल्या. ट्रेसोरिट त्यातल्या त्यात नीट निघाली. बाकी चारांत गंभीर दोष. सिंक आणि पीक्लाउडमध्ये सर्व्हरने वापरकर्त्याच्या हातात स्वतःचीच किल्ली सरकवली तर ओळखायला काही साधन नव्हतं.

यात घाबरण्यासारखं किती? हे सगळे हल्ले 'सर्व्हरच शत्रू' असं धरून केलेले आहेत. आमच्या यादीत तो पाचव्या क्रमांकाचा धोका. पण एंड-टू-एंडसाठी पैसे मागितले जातात तेच मुळात 'सर्व्हरवर विश्वास ठेवायची गरज नाही' या वचनावर. ते वचन मोडत असेल तर आहे ते खातं काय वाईट? मला या निबंधांतून एक गोष्ट पटली: कुलूप आणि गोदाम एकाच कंपनीचं असेल तर कंपनीचा सर्व्हर कुलपाच्या कामात हात घालू शकतो. कुलूप वेगळं, उघड्या कोडचं (म्हणजे कुणालाही वाचून तपासता येईल असं), आणि गोदाम कुणाचंही, ही रचना आमच्यासाठी साधी आणि तपासता येण्यासारखी आहे.

२१ जून

तरीही प्रोटॉन ड्राइव्ह आठवडाभर वापरून पाहिलं, कारण मला स्वतःला ते आवडतं. जिनिव्हाची कंपनी, अॅपचं कोड खुलं, प्रत्येकीला वेगळं खातं देता येतं आणि एखादी सोडून गेली की तिचा प्रवेश काढता येतो. हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे.

अडलं दोन ठिकाणी. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे (विंडोज त्यावर चालतच नव्हतं) आणि प्रोटॉन ड्राइव्हचं लिनक्ससाठी अधिकृत अॅप नाही. आर-क्लोन या आज्ञा टाइप करून चालवायच्या साधनातून जोडता येतं, पण ते कार्यकर्त्यांच्या हाती द्यायचं साधन नव्हे. दुसरं, २९ एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात ब्लॉक करण्याची कारवाई करायला केंद्र सरकारला सांगितलं. सेवा आज चालू आहे. पण ड्राइव्हचं खातं तेच. एखाद्या सकाळी न्यायालयात तारीख आहे आणि फाइल उघडत नाही, ही जोखीम मी केंद्राच्या माथी मारू शकत नाही.

२८ जून

सिंकथिंग. मशीनकडून मशीनकडे थेट, मध्ये कुणी नाही, पैसे नाहीत. डेस्कटॉप ते लॅपटॉप सुंदर चाललं. पण दोन्ही मशीन एकाच वेळी चालू लागतात, आणि केंद्रात संध्याकाळी सगळं बंद करून जायची शिस्त आहे. अँड्रॉइडचं अधिकृत अॅप डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीनंतर थांबलं; दुसरे लोक त्याची शाखा चालवतात. आणि दोन मशीनवरच्या फाइली सारख्या ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे हे इथे प्रत्यक्ष दिसलं: चाचणीच्या फोल्डरमधली एक फाइल डेस्कटॉपवर पुसली, चहा पिऊन येईपर्यंत लॅपटॉपवरूनही गेली. जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय आहे, ती आपण चालू करावी लागते. यादीतून काढलं.

५ जुलै

क्रिप्टोमेटर. आजचा अख्खा दिवस.

हे जर्मनीतलं, खुल्या कोडचं. क्लाउडच्या फोल्डरमध्ये एक तिजोरी तयार करायची. पासवर्ड टाकला की ती संगणकावर वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते. त्यात टाकलेली फाइल तिथल्या तिथे एईएस-२५६ या एन्क्रिप्शनच्या पद्धतीने बंद होऊन मगच क्लाउडच्या फोल्डरमध्ये उतरते. क्लाउडला दिसतो 'डी' नावाचा फोल्डर, त्यात दोन-दोन अक्षरांचे फोल्डर, त्यात अर्थहीन नावांचे फोल्डर आणि फाइली. किती फाइली, केवढ्या, कधी बदलल्या एवढं बाहेरून कळतं. आमच्यासाठी ते चालेल.

खरी परीक्षा मराठी नावांची. केंद्रातल्या फाइलींची नावं म्हणजे छोटे परिच्छेदच: तारीख, गाव, कितवी बैठक, कोण आलं होतं, काय ठरलं. परदेशात लिहिलेल्या परीक्षणांत याबद्दल अवाक्षर नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

'कौटुंबिक' या शब्दात आपल्याला चार अक्षरं दिसतात. संगणक आठ मोजतो: क, औकार, ट, उकार, अनुस्वार, ब, इकार, क. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एका शब्दाला २४. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा, म्हणजे इंग्रजीत २५५ अक्षरं पण देवनागरीत ८५ चिन्हं. विंडोजची मोजणी वेगळी असल्यामुळे तिथे तीच नावं बसतात. डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर जाताना काही फाइली मध्येच का गळायच्या, हे दोन वर्षांचं कोडं आज सुटलं.

नाव एन्क्रिप्ट केलं की ते आणखी फुगतं. क्रिप्टोमेटर मूळ नावाला १६ बाइट जोडतं, मग सगळं साध्या अक्षरांत लिहितं, त्यात लांबी एक-तृतीयांशाने वाढते, आणि शेवटी चार अक्षरांचं शेपूट. असं करत २२० अक्षरांपर्यंत नाव तसंच ठेवतं. उलटं गणित केलं: देवनागरीत बरोब्बर ४८ चिन्हं. त्यापुढे ते नावाचा संक्षेप करून पूर्ण नाव शेजारी वेगळ्या फाइलीत ठेवतं. मी ४८ आणि ४९ चिन्हांच्या दोन फाइली करून पाहिल्या. ४८ वाली एक साधी फाइल झाली, ४९ वालीचा फोल्डर झाला. दोन्ही उघडल्या. समाधान वाटलं. 

१२ जुलै

वकील ताईंकडे मॅक आहे. त्यांनी तिजोरीत 'कऱ्हाड' नावाचा फोल्डर केला. केंद्राच्या डेस्कटॉपवर 'कऱ्हाड' आधीच होता. आता दोन 'कऱ्हाड' शेजारी शेजारी, डोळ्यांना अगदी सारखे.

कारण आपला तो ऱ. तो तीन प्रकारे लिहिला जातो. ऱ हे एकच चिन्ह. किंवा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं. किंवा र, पाय मोडण्याचं चिन्ह आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या दोघांना युनिकोडचे, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाणाचे, नियम एकच मानतात आणि क्रिप्टोमेटरही नाव बंद करण्याआधी ते एकरूप करून घेतं. तिसरा मात्र नियमांच्या दृष्टीने वेगळा शब्द. ताईंचा कीबोर्ड तिसऱ्या प्रकारचा निघाला. गोऱ्हे, कुऱ्हाड, वाऱ्यावर, सगळ्यांची हीच गत. दोष कुठल्याही सेवेचा नाही, पण अर्ध्या फाइली एका 'कऱ्हाड'मध्ये आणि अर्ध्या दुसऱ्यात गेल्या असत्या आणि न्यायालयात तारखेला एक कागद सापडला नसता.

मोठ्या ताईंना हे दाखवलं. त्या थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग गावाचं नाव लिहायचंच कशाला? पूर्वी रजिस्टरला नंबर असायचे." खरंच. आजपासून फोल्डरला फक्त केस क्रमांक, इंग्रजी आकड्यांत. कुठला क्रमांक कुणाचा, हे कागदी रजिस्टरमध्ये, आणि रजिस्टर लोखंडी कपाटात. नावांची लांबी, ऱ चा घोळ आणि कुणी खांद्यावरून डोकावलं तर नाव दिसण्याची भीती, तिन्ही एका वाक्यात मिटलं.

१९ जुलै

कार्यकर्त्यांसोबत फोनवर चाचणी. क्रिप्टोमेटरचं संगणकावरचं सॉफ्टवेअर मोफत, अँड्रॉइडवर एकदाच पैसे. तिजोरी बोटाच्या ठशाने उघडते.

फोटोचा मूळ प्रश्न मात्र यातून सुटत नाही. फोटो आधी फोनच्या गॅलरीत जातो, मग तिथून तिजोरीत पाठवायचा. मधल्या पाच मिनिटांत तो आपोआप क्लाउडवर चढू शकतो. पाटणकडच्या वाडीवर रेंज नसते, तेव्हा मधली पाच मिनिटं चार तास होतात. म्हणून ठरलं: स्वतःच्या फोनवर केसचा एकही फोटो नाही. केंद्राचा एक साधा अँड्रॉइड फोन घ्यायचा, त्यात फोटोंचा बॅकअप बंद, व्हॉट्सअॅप नाही, घरभेटीला जाणारी तो वहीत सही करून नेईल. मे महिन्यातल्या त्या कार्यकर्तीने पहिल्यांदाच तोंड उघडलं: "म्हणजे माझा फोन घरी कुणी मागितला तर बिनधास्त देता येईल ना, दादा?" हो म्हटलं. एन्क्रिप्शनच्या सगळ्या चर्चेपेक्षा तिला हे हवं होतं.

२६ जुलै

मोडतोडीचा दिवस.

दोघींनी एकच फाइल एकाच वेळी उघडून बदलली. दोन प्रती झाल्या, दुसरीच्या नावाला शेपूट लागलं. काही हरवलं नाही.

फाइल पुसून परत आणणं अवघड. क्लाउडच्या कचराकुंडीत ती निरर्थक नावाने पडलेली असते, कुठली कोणती ते फक्त तारीख-वेळेवरून ओळखायचं. एक फाइल परत आणायला २५ मिनिटं लागली. त्यामुळे महिन्याला एकदा अख्ख्या बंद तिजोरीची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि डिस्क वकील ताईंच्या घरी. बंदच प्रत असल्यामुळे डिस्क चोरीला गेली तरी चिंता नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: तिजोरीचा पासवर्ड बदलला तरी आतली मूळ किल्ली तीच राहते. पासवर्ड फक्त त्या किल्लीवरचं वेष्टन बदलतो. ज्याच्याकडे जुनी किल्ली-फाइल (वेष्टनातली किल्ली जिच्यात असते ती) आणि जुना पासवर्ड आहे, त्याच्यासाठी तिजोरी उघडीच. म्हणजे कार्यकर्ती सोडून गेली की पासवर्ड बदलणं पुरेसं नाही. नवी तिजोरी करून फाइली तिच्यात हलवायच्या. प्रोटॉनसारख्या सेवेत हे सोपं होतं, ही या निवडीची खरी किंमत. उपाय म्हणून वर्षाला एक तिजोरी. जुन्या वर्षांच्या तिजोऱ्यांचा पासवर्ड फक्त मोठ्या ताई आणि वकील ताईंकडे, चालू वर्षाचा कार्यकर्त्यांकडे. कुणी सोडून गेली तर एका वर्षाचंच सामान हलवायचं.

मोठ्या ताईंना 'सोडून गेलेल्या मुलीवर अविश्वास' हे जड गेलं. मी म्हटलं, "ताई, उद्या काही फुटलं तर पहिला संशय तिच्यावर येईल. किल्ली बदलली असेल तर येणार नाही." मग मान्य झालं.

२ ऑगस्ट

पासवर्ड. जन्मतारखा आणि देवांची नावं बाद. मी रोजच्या वापरातल्या १२९६ मराठी शब्दांची यादी केली: स्वयंपाकघर, शेत, झाडं, भांडी, नातीगोती. सापशिडीचे चार फासे टाकायचे, जो आकडा येईल तो शब्द. असे सात शब्द. साधारण ७२ बिट होतात, म्हणजे २ चा ७२ वा घात इतक्या शक्यता, आणि तिजोरी पासवर्डावर मुद्दाम सावकाश चालणारी प्रक्रिया करते, म्हणून पुरेसे. टाइप इंग्रजी अक्षरांत करायचे, कारण देवनागरीत टाइप केले तर ऱ ची गोष्ट पासवर्डमध्ये घडेल.

क्रिप्टोमेटर ४४ इंग्रजी शब्दांची पुनर्प्राप्ती किल्लीही देतं. ती छापली, हाताने लिहिली नाही. दोन लखोटे, लाखेने बंद: एक केंद्राच्या लोखंडी कपाटात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. माझ्याकडे काहीच नाही.

९ ऑगस्ट

शून्यातून उभं करण्याची चाचणी. उसना, कोरा लॅपटॉप. मोठ्या ताई, एक लखोटा, आणि मी बाहेरच्या खोलीत. मदत करायची नाही असं ठरलेलं.

क्लाउड खात्याचा पासवर्ड टाकल्यावर त्याने पडताळणीचा कोड मागितला. तो माझ्या फोनवर आला. म्हणजे मी उद्या नसलो तर सगळं तिथेच थांबलं असतं. किल्ल्या माझ्याकडे नाहीत असं लिहिलं होतं आणि एक होतीच. खात्याचे राखीव कोड छापून लखोट्यात घातले, पडताळणी केंद्राच्या फोनवर नेली, पुन्हा सुरुवात.

मग तिजोरीचा पासवर्ड चुकला. तीनदा. ताई शब्द बरोबर वाचत होत्या. लखोट्यात ते देवनागरीत लिहिले होते आणि त्यातला एक होता 'चिंच' (आता तो पासवर्ड रद्द आहे). ताईंनी शब्दाच्या शेवटी इंग्रजी 'a' लावला, मी तयार करताना लावला नव्हता. त्यांच्या कानाला तोच बरोबर, आणि त्यांचं चूक नव्हतं. नवे शब्द काढले, आणि लखोट्यात प्रत्येक शब्दाखाली इंग्रजी अक्षरं सुटी सुटी, ठळक लिहिली. यादीतून जोडाक्षरांचे आणि अनुस्वाराचे शब्द काढून टाकले, ९४० उरले. त्यातून काढायचे तर आठ शब्द घेतले.

तिसऱ्या वेळी तिजोरी उघडली. ताईंनी २०११ ची एक फाइल मागितली, रजिस्टरमधून क्रमांक शोधला आणि उघडली. सुरुवातीपासून एक तास पन्नास मिनिटं. ती बाई आता सातारला स्वतःचं दुकान चालवते, एवढं सांगून त्यांनी फाइल बंद केली.

१७ ऑगस्ट

सगळं हलवून झालं. ११ जीबी चढायला तीन रात्री लागल्या, दोनदा वीज गेली, दोन्ही वेळा अर्धवट राहिलेलं पुढे सुरू झालं. जुन्या आणि नव्या फाइलींची संख्या जुळवली. खात्यातल्या उघड्या प्रती पुसल्या, कचराकुंडीही रिकामी केली. व्हॉट्सअॅपच्या गटातले फोटो प्रत्येकीने माझ्यासमोर आपापल्या फोनवरून काढले. दोन पेनड्राइव्ह पुसले. तिसरा अजून सापडलेला नाही. शेवटचा कुणी वापरला ते काका वहीत बघणार आहेत.

राहिलेली कामं: हार्ड डिस्कची पहिली मासिक प्रत गणपतीआधी. दर सहा महिन्यांनी कोऱ्या लॅपटॉपची चाचणी, पुढची फेब्रुवारीत, या वेळी मोठ्या ताईंऐवजी सगळ्यात नव्या कार्यकर्तीच्या हातून. १९९८ ते २००४ चे कागद अजून स्कॅन झालेले नाहीत, त्यातले काही कसरीने खाल्ले आहेत. ते आधी घ्यायचे.

दुपारी चार वाजता केंद्राच्या फोनवरून नव्या तिजोरीत पहिली केस चढली. क्रमांक ०४१.